पुसलेली पंगत

सारंगखेड्याकडे जाताना तापीकाठच्या एका ज्वारीच्या शेतात दोऱ्याला टांगलेल्या जुन्या डिस्का उन्हात लखलखताना दिसतात. पाखरे बिचकतात. मीही बिचकतो.

मोठे भाऊ गेल्यावर वहिनींनी पुतणीच्या लग्नाची डीव्हीडी माझ्या हाती दिली. घरच्या कॉम्प्युटरवर घालून ठेवा, म्हणजे वाटेल तेव्हा त्यांना बघता येईल, एवढेच त्यांचे मागणे. डिस्क उघडली, तर आत लग्न सलग नव्हते. सारख्याच नावांचे मोठमोठे तुकडे होते. ते उतरवता उतरवता कॉम्प्युटरची जागा भरली. एक तुकडा लावून पाहिला, तर नुसती पंगत. जेवणाऱ्यांना काय बघायचे, म्हणून तो पुसला आणि डिस्क शेतात पाखरांसाठी देऊन टाकली. आमच्याकडे पाहुणे उठेपर्यंत मुलीचा बाप घास घेत नाही, भांडे हातात धरून रांगेरांगेत आग्रह करीत फिरतो, हे मला कुणी सांगायला हवे होते का? बाकी तुकड्यांत भावांची पाठच तेवढी दिसे. चेहरा होता तो पंगतीत.

वहिनींनी त्यांना वाढताना बघायचे म्हटले, तोवर डिस्कचा वर्ख उन्हाने सुटला होता. मी सांगून टाकले, फोटोवाल्याने पंगत काढलीच नाही. वहिनींच्या तोंडून ते गावभर झाले आणि लोक त्याला लग्नांत बोलावीनासे झाले. एकदा तो माझ्या ओट्याशी उभा राहून म्हणाला, “आण्णा, पंगत मी काढेल शे. तुम्ही तरी सांगा.” मी वर्तमानपत्राचे पान उलटले.

गेल्या आठवड्यात वहिनींना सगळे खरे सांगितले. गहू निवडणारा त्यांचा हात थांबला.

“मन्हाकडे काय सांगी ऱ्हायनात, भाऊ? त्याले सांगा. गावभर नावं मी ठेवात. मी बी येस.”

तो आता पिठाची गिरणी चालवतो. माझे बोलणे ऐकताना त्याने गिरणी बंद केली. मग, माझ्याकडे न बघता, वहिनींना सांगू लागला. भावांनी कुणाच्या पानात बळेच जिलबी टाकली, व्याह्यांशी काय थट्टा केली, आणि शेवटी त्याच्या हातातला कॅमेरा खाली ठेवायला लावून स्वतःच्या आधी त्याला कसे जेवायला बसवले. वहिनी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या.

जागा पुरत नाही म्हणून मी जे पुसले, ते या माणसापाशी इतकी वर्षे शाबूत होते. वहिनींची त्याच्या दारात येण्याची वाट तेवढी मी बुजवली होती.