नव्या मशीनची बाजू

सूनबाई, तुझ्या साहेबांचा स्वभाव मला ठाऊक आहे. चूक सापडेना की मशीनला शिव्या! तुमचा प्रोग्रॅम चालतो त्या दवाखान्यात एका रुग्णाच्या नावापुढे मधूनच दुसऱ्याच्या नाडीचे ठोके दिसायचे, तेही फक्त नव्या मशीनवर, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवर. "मशीन परत पाठवू," ते म्हणाले. तू हटली नाहीस. "चूक आपल्या प्रोग्रॅमची आहे. नाही सापडली तर मी नोकरी सोडते."

जेवताना तू मला समजावलंस, "आई, प्रोग्रॅममध्ये दोन कामं एकाच वेळी चालतात. एक मेमरीच्या खणात आकडे ठेवून 'तयार' अशी खूण करतं, दुसरं खूण बघून आकडे उचलतं. जुनं मशीन हा क्रम आपणहून पाळायचं. नव्यात कधी खूण आधी पोचते, आणि खणात आधीच्याच रुग्णाचे आकडे असतात."

"म्हणजे जुन्यानं तुमचे लाड केले!"

"भलतेच."

तू दोन्ही कामांना क्रम पाळायची सक्ती केलीस आणि घोळ थांबला. नोकरी राहिली. वर साहेबांनी सगळे जुने प्रोग्रॅम तपासायचं कामही तुझ्याच गळ्यात घातलं. त्या शनिवारी आपण दोघी माझा चष्मा बदलायला जाणार होतो. ते राहिलं ते राहिलंच.