कडबाकुट्टी

बाळंतपणाला मी पारनेरजवळ माहेरी होते. दिवेलागणीला तान्ही लेक रडायला लागली की थांबायचीच नाही. आईने दृष्ट काढली, मी झोळी हलवून दमले. त्यात एका संध्याकाळी वडिलांनी गोठ्यात, बाळ आल्यापासून संध्याकाळी बंद ठेवलेलं कडबाकुट्टीचं मशीन लावलं. लेकीला उचलून मी तणतणत गेले.

"अण्णा, बंद करा ते आधी!"

त्यांनी बटण दाबलं, आणि आवाजात गप्प झालेल्या लेकीने पुन्हा टाहो फोडला.

"सातव्या महिन्यापासून सांजच्याला तू इथंच बसत हुतीस," अण्णा म्हणाले. "पोटात ऐकलंय तिनं." त्यांनी मशीन पुन्हा लावलं.

वैरण कापून संपली. दिवसा एक बल्ब चालू राहिला तरी ओरडणारे अण्णा, लेकीचा डोळा लागेपर्यंत रिकामं मशीन चालवत उभे राहिले.