मानपाड्याच्या वळणावर चिखलाचे टायर

जीपला चार टायर असतात आणि ते चारही मी चुकीचे निवडले.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी डोंबिवलीत राहायचो आणि मानपाड्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. सासुरवाडी मानपाड्याच्या पुढे, भातशेतीतल्या एका गावात. घरापासून गावच्या फाट्यापर्यंत डांबरी रस्ता, आणि फाट्यापासून पुढे मैलभर निव्वळ चिखल. लग्नानंतरच्या पावसाळ्यात मी तिथे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात धरून पोचलेलो. सासऱ्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विहिरीकडे बोट दाखवलं. ते बोट मला पुढे दोन वर्षं दिसत होतं. त्या बोटापायीच मी एक जुनी जीप विकत घेतली.

तिचे टायर झिजून ताटासारखे गुळगुळीत झालेले. म्हणून मी आणि माझी बायको सुमन कल्याणला टायरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन प्रकार समोर ठेवले. एक मधला: नक्षी बेताची, डांबरावर नीट चालणारा आणि चिखलातही वेळ मारून नेणारा. दुसरा खास चिखलाचा: बोटभर खोल खाचा आणि रबराचे जाड ठोकळे, जणू ट्रॅक्टरच्या चाकाचा धाकटा भाऊ. मग त्यानं एकच प्रश्न विचारला, की गाडी डांबरावर किती चालणार आणि चिखलात किती.

खरं उत्तर होतं: रोज डांबर, आणि महिन्यातून एकदा अर्धा तास चिखल. मी म्हणालो, चिखलच जास्त.

"कुठे?" सुमननं विचारलं.

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. दुकानदारानं बिचाऱ्यानं बजावलंही, की या टायरचं रबर डांबराला फक्त ठोकळ्यांच्या टोकांवर टेकतं. कोरड्या रस्त्यावर आवाज करतं आणि ओल्या रस्त्यावर सरकतं, तेव्हा ब्रेक जपून मारा. मी जाणकारासारखी मान डोलावली. (ज्या विषयातलं काही कळत नाही त्यात माझी मान फार सुंदर डोलते.)

आवाजाबद्दल तो खरं बोलला होता. जीप आमच्या गल्लीत शिरली की तळमजल्यावरच्या आजींना पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं. एकदा तर त्या डबा घेऊन फाटकापर्यंत आल्या. गाडीत बोलायचं तर ओरडावं लागे. आमची नवराबायकोची साधी चौकशीसुद्धा भांडणासारखी ऐकू जायची. स्टिअरिंग इतकं थरथरायचं की कारखान्यात पोचल्यावर पहिली दहा मिनिटं माझी सही माझी वाटत नसे.

पण मी वाट पाहत होतो ती सासुरवाडीला जायच्या दिवसाची. ऑगस्टमध्ये एका रविवारी मी कारखान्यात ताप आल्याचं कळवलं (आमची सुट्टी शुक्रवारी असायची) आणि सुमनला घेऊन निघालो. सुमनची धाकटी बहीण लता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायला अजून आठवडा होता. तिला भेटायचं, हे कारण. जीप दाखवायची, हा हेतू.

चिखलात जीपनं पैशांचं सोनं केलं. भसाभस चिखल उडवत ती थेट अंगणात जाऊन उभी राहिली आणि मी कोरडे बूट घालून खाली उतरलो. सासऱ्यांनी चारही टायर हात लावून पाहिले आणि म्हणाले, "झॅक हाय." दोन वर्षांत माझ्याबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला चांगला शब्द. टायरबद्दल होता, पण मी तो घेतला.

जेवणं चाललेली असतानाच लताच्या पोटात कळा सुरू झाल्या. सासूबाई तिला आत घेऊन गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. थांबायला वेळ नव्हता, डोंबिवलीला दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि मी किल्ली उचलली.

मागे सासूबाई, सुमन आणि मध्ये लता. पुढे मी आणि सासरे. चिखलाचा मैल मी असा पार केला की सासऱ्यांनी माझी पाठ थोपटली. फाट्यावर डांबर लागलं तेव्हा पाऊस रिमझिम पडत होता आणि रस्ता चकचकीत दिसत होता. मानपाड्याच्या अलीकडच्या वळणावर एक म्हैस आडवी उभी होती. मी ब्रेक मारला.

चाकं थांबली, जीप थांबली नाही. ती आडवी सरकली, सावकाश स्वतःभोवती पुरती फिरली, आणि मागच्या चाकांवर बसल्यासारखी रस्त्याकडेच्या शेतात उतरली. कोणाला खरचटलंही नाही. म्हैस तिथेच उभी राहून आमच्याकडे बघत होती.

आधी मी लताकडे पाहिलं. ती ठीक होती. मग मी घोषणा केली, की काळजी नको, आता आपण चिखलात आहोत, हाच तर या टायरांचा प्रांत. आणि ॲक्सिलरेटर दाबला. या जीपमध्ये इंजिनचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो, पुढच्यांना नाही, हे मला त्या क्षणी कळलं. मागच्या ठोकळ्यांनी अशी काही माती उपसली की विहीर खणणाऱ्यांनी हेवा करावा. अर्धा चिखल सासऱ्यांना मिळाला, कारण ते ढकलायला मागे गेले होते. मी पुन्हा दाबला. जीप आणखी वीतभर खाली गेली.

"भाऊजी, गाडी राहू दे," लता दात आवळून म्हणाली. "मला आधी खाली उतरवा."

तिला उतरवून मी रस्त्यावर धावलो. रस्त्यावर रिक्षा नव्हती, टेम्पो नव्हता. दहा मिनिटांनी जे आलं ते आमच्याच कारखान्याची बस, दुसऱ्या पाळीचे चाळीस कामगार घेऊन. मी, तापानं आजारी असलेला माणूस, चिखलानं माखून रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा.

कोणी काही विचारलं नाही. चौघांनी लताला खुर्चीसारखं उचलून बसमध्ये चढवलं, पुढची सगळी बाकं रिकामी केली आणि चाळीस माणसं मागे दाटीवाटीनं, खिडकीबाहेर तोंडं करून उभी राहिली. सुमन आणि सासूबाई बरोबर गेल्या. पाळी बाजूला ठेवून बस डोंबिवलीला निघून गेली.

मी आणि सासरे बांधावर बसलो. त्यांनी विडी पेटवली, पाचव्या काडीला. असा एक तास गेला. त्या तासात मी जे जे नवस बोललो ते फेडायचे म्हटले तर अजून एक जन्म लागेल.

बस परतली तेव्हा ड्रायव्हरनं लांबूनच खिडकीतून हात हलवला. मुलगी झाली होती, लता सुखरूप होती. मी उठायला गेलो, पाय घसरला आणि बांधावरून चिखलात बसलो. सासरे शेजारी येऊन बसले. ते हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि माझ्याही. चाळीस कामगारांनी जीप ढकलून रस्त्यावर काढली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तापाची विचारपूस केली तेव्हा मागे सगळं स्टोअर खोकत होतं.

त्याच आठवड्यात मी कल्याणला जाऊन ते मधले टायर बसवून घेतले. बारशाचं आमंत्रण द्यायला सासरे आले तेव्हा ही बातमी मी त्यांना मुद्दाम सांगितली. त्यांनी चहा संपवला.

"टायर बदललं," ते म्हणाले. "पन चालवनारा तोच हाय नं? रिक्षान या."

आम्ही रिक्षानं गेलो. मानपाड्याचं वळण यायच्या आधी मी रिक्षावाल्याला हळू घ्यायला सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यानं मागे वळून विचारलं, की साहेब, तुम्ही कधी गाडी चालवलीय का?

"चालवलीय ना," सुमन म्हणाली. "म्हणून तर तुमच्या रिक्षात बसलोय."