स्पीकरच्या खोक्याचं भोक

सावेडीतल्या घरी सुतार प्लाय कापतोय. त्या भुशाचा आणि सरसाचा वास आला आणि मी थेट केडगावच्या जुन्या ओसरीवर जाऊन बसलो. तिथंच मी किट आणून स्पीकरचा खोका जोडला होता. इतका वाकडा, की कोंबड्यांनीही आत राहायला नकार दिला असता.

वडिलांना, म्हणजे दादांना, पहिल्यापासून संशय. "पुढं हे भोक कशाला? फसवलं तुला."

"दादा, त्यातनं हवा बाहेर येते."

"आपल्याला आवाज पायजे का हवा?"

मी गाणं लावलं.

"लई बारीक वाजतंय. उद्याच परत देऊन ये."

मी बटण शेवटपर्यंत पिरगाळलं. शेजारच्या काकू भिंतीवरून ओरडल्या, "मेल्या, कान फुटले की आमचे!"

"ती बी तुला सामील हाय," दादा म्हणाले. मग त्यांनी संशयानंच भोकापुढं तळहात धरला. ठेक्याबरोबर हवेचे धक्के लागले, तसा त्यांचा चेहरा उजळला. "हां, आता वाजतंय. राहू दे."

माझ्या कारागिरीवर खूश झाले म्हणून मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरलो. दादांना कमी ऐकू येऊ लागलंय, हे घरात कळायला त्यानंतर बराच काळ गेला.