गावातलं शेवटचं थारोळे घर

परवा आमच्या गावातलं एक आडनाव संपलं.

रंगनाथ माधवराव थारोळे. माझे बापू.
सकाळी चहा घेतला, ओट्यावर भिंतीला टेकून बसले आणि तसेच गेले.

शिरूर कासारजवळचं आमचं गाव. तिथं थारोळ्यांची घरं दोनच. एक बापूंचं, दुसरं त्यांच्या धाकट्या भावाचं, म्हणजे भगवान काकांचं.
बाकी जगात हे आडनाव कुठं आहे का, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

कॉलेजात पहिल्या दिवशी सरांनी हजेरीला माझं सरनेम वाचलं.
मागून कुणीतरी म्हणालं, "रक्ताच्या?"
अख्खा वर्ग हसला. पेपरात खुनाच्या बातमीत येतो ना तो शब्द.

सुट्टीत घरी आल्यावर बापूंना सांगितलं. त्यांनी चपला घातल्या आणि मला शेतातल्या जुन्या विहिरीवर घेऊन गेले.
काठाला एक दगडी कुंडी होती, निम्मी मातीत बुजलेली. बापूंनी हातानंच माती उकरली.

"मोट वर आली की पाणी आदी हितं पडायचं. मंग पाटात जायचं. ह्याला म्हणत्यात थारोळं. रक्त लोकांनी नंतर सांडलं, माय."

आमच्या कुणा पूर्वजानं आसपासच्या विहिरींवर हे दगड बसवले म्हणे, म्हणून थारोळे. खरं-खोटं बापूंनाही ठाऊक नव्हतं. मला आज्यानं सांगितलं, मी तुला सांगितलं, एवढंच म्हणायचे.

पण त्यांना शोध लागून राहिला होता.
लग्नात, दवाखान्यात, एसटीत, शेजारी जो बसेल त्याला विचारायचे, तुमच्याकडं कुणी थारोळे हायत का?
लोक म्हणायचे, थोरात हायत, थोरवे हायत.
बापू मान हलवायचे.

मग तो दुष्काळ आला.
बापू गावच्या सहकारी दूध संस्थेत फॅट काढायला होते. पाऊस नाही, चारा नाही. दूध आटत गेलं आणि एक दिवस संस्थेला कुलूप लागलं.
गुरं घेऊन बापू शेजारच्या गावच्या छावणीत जाऊन राहिले.

तिथं चारा वाटताना नावं पुकारायचे.
एका सकाळी "थारोळे" असं पुकारलं आणि दोन माणसं उठली.

दुसरे होते आसाराम थारोळे. उमापूरचे. लेकीकडं आलेले, तिची गुरं सांभाळत होते.
दोघं दिवसभर बाभळीखाली बसून पूर्वजांची नावं जुळवत राहिले. चार पिढ्यांपलीकडं कुणालाच आठवेना. आणि त्या चारांत एकही नाव जुळलं नाही.
बापू घरी येऊन आईला म्हणाले, "न्हाई जुळलं तर न्हाई. भाऊच हाय आपला."
आई सांगते, एवढे खूश ते तुझ्या लग्नातही नव्हते.

काही वर्षांनी आसाराम गेले. बापूंनी घरात दहा दिवस सुतक धरलं.
आई चिडली. ज्यांचा उंबरा बघितला न्हाई त्यांचं सुतक कावून धरायचं?
बापू म्हणाले, "आपलं कोन धरणार हाय मग?"


दुष्काळाच्या त्याच वर्षी भगवान काका आणि काकू कोयत्याला गेले होते. ऊसतोडीला, लांबच्या कारखान्यावर.
मुकादमाच्या तोंडी थारोळे बसेना. तो थोरात म्हणायला लागला. मग कारखान्यावर थोरात. मग तिथल्या साखरशाळेत पोरंही थोरात.
उन्हाळ्यात सगळे परत आले. बापूंनी काकांच्या धाकट्या विकासला मांडीवर घेऊन सहज नाव विचारलं.
तो म्हणाला, विकास भगवान थोरात.

बापूंनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, शाळेत जाऊन नीट करून घे.
काका खाली बघत म्हणाले, "दादा, तिकडं पोरांना कुणी हसत न्हाई. ऱ्हाऊ दे."

बापूंनी माझ्याकडं बघितलं. त्या रात्री जेवले नाहीत.

भांडण असं झालंच नाही. काकांचं येणं मात्र कमी होत गेलं. पुढं ते कारखान्याजवळच स्थायिक झाले आणि इकडच्या घराला कुलूप लागलं ते लागलंच.
मी एकुलती एक. माझंही आडनाव लग्नात बदललं.
दारावर पाटी राहिली ती बापूंचीच.

परवा काकांसाठी थांबलो. ते संध्याकाळी पोचले. केस पार पांढरे, चेहरा उन्हानं करपलेला. बापूंच्या पायाशी बराच वेळ बसून होते. अग्नी त्यांनीच दिला.

उमापूरला फोनवर कळवलं. आसारामांचा मुलगा ऊसतोडीवर होता, त्याचा नंतर फडातूनच फोन आला. म्हणाला, ताई, लई लांब हाव, येनं व्हत न्हाई. बातमी कळली तशी आमी समद्यांनी आंघोळ केली.

काल ह्यांनी दशक्रियेचा मेसेज टाइप करायला घेतला. नाव, गाव, वेळ, सगळं झालं.
खाली 'शोकाकुल' लिहिलं आणि थांबले.
मला हळूच विचारलं, इथं कुणाचं नाव टाकू गं?
मी आत बघितलं. आई आतल्या खोलीत पडून होती.

काका दाराशी बसले होते. त्यांनी ऐकलं.
"समस्त थारोळे परिवार लिवा."

ह्यांनी लिहिलं.
काका परत बोलले, कुणाकडंच न बघता.
"परिवार म्हंजी मीच."

आणि परवापासून कोरड्या डोळ्यांनी बसलेला तो माणूस गुडघ्यात डोकं घालून रडला.

बापू, तुमच्या लेकीचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.