देवाने धाडलेले पाहुणे

"काय काम काढलंत?" हे शब्द हिल्मीच्या तोंडातून उभ्या आयुष्यात निघाले नाहीत. दारात माणूस उभा राहिला की तो देवाने धाडला. त्याला आधी आत घ्यायचं, खाऊ घालायचं, कॉफी पाजायची, मग त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल, ही त्याच्या बापाची रीत. एके काळी देफनेली गावात सगळ्यांचीच ही रीत होती. पण नवा रस्ता झाला, इस्तंबूल तासाभरावर आलं, रविवारी शहरातली माणसं समुद्र बघायला गाड्या भरभरून येऊ लागली. लोकांनी अंगणात टेबलं मांडली, न्याहारीचे दर पाटीवर लिहिले, आणि देवाचे पाहुणे गिऱ्हाईक झाले. हिल्मीने तसलं काही केलं नाही. त्याची बायको नादिदे म्हणायची, "अख्खं गाव पाहुण्यांवर जगतं. आमच्याकडे पाहुणे आमच्यावर जगतात."

हिल्मी मूळचा टेहळ्या. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्यात खांब रोवून जाळ्यांचं कुंपण केलेलं असायचं. त्यातल्या सगळ्यात उंच खांबाच्या टोकाला, फळीवर बसून हा दिवसभर पाण्यात बघायचा. माशांचा थवा कुंपणात शिरला की वरून हाळी द्यायची, खालच्यांनी जाळ्याचं तोंड ओढून घ्यायचं. लोक म्हणत, या कामाला डोळे लागतात. नादिदे म्हणे, डोळे कसले, बूड लागतं. पुढे मोठ्या बोटी आल्या, यंत्रावर मासे दिसू लागले, आणि एका हिवाळ्यात लाटांनी हिल्मीचा खांब मोडला तो कोणी पुन्हा रोवला नाही. मग तो लोकांची जाळी सांधू लागला. कोणी मजुरी दिली तर घ्यायची, नाही दिली तर "असेल बिचाऱ्याची अडचण." भीड भिकेची बहीण म्हणतात, ती या घरात कायमची मुक्कामाला होती.

घर मात्र होतं. बंदराच्या वरच्या अंगाला, लाकडी, दुमजली. समोर काळा समुद्र आणि सामुद्रधुनीत शिरायला ताटकळलेली जहाजं. हिल्मीच्या बापाने ते बांधलेलं. बाप गेला तेव्हा थोरला भाऊ शेवकेत इस्तंबूलमध्ये कचेरीत होता. सरकारी खेटे त्याने घातले आणि घर त्याच्या नावावर चढलं. "नावापुरतं रे," तो हिल्मीला म्हणाला, "घर तुझंच. मला कुठे इथे येऊन मासे धरायचेत?"

शेवकेत मनाने वाईट नव्हता. बोलला ते मनापासून बोलला. पण बोललेलं वाऱ्यावर जातं, हे नादिदेला नवी नवरी म्हणून या उंबऱ्यात आली तेव्हापासून कळत होतं. चाळीस वर्षं ती नवऱ्याच्या मागे लागली, "भावजी आहेत तोवर नावावर करून घ्या." हिल्मीचं उत्तर ठरलेलं. "सख्ख्या भावाला काय म्हणू? तुझ्या शब्दावर माझा भरवसा नाही?"

गेल्या वसंतात शेवकेत वारला. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली तसं नादिदेने हिल्मीला ढकलून ढकलून पुतण्याकडे, ताइलानकडे, पाठवलं. हातात खारवलेल्या माशांची बरणी दिली. संध्याकाळी हिल्मी परत आला तो हसतमुख.

"विचारलंत?"

"अगं, घरात अजून दुखवटा. अशात घराचा विषय कसा काढू? पण ताइलान स्वतःहून म्हणाला. काका, तुम्ही काळजी करू नका, मी सगळं बघतो."

"काय बघतो?"

"ते मी नाही विचारलं."

त्या दिवसापासून नादिदेचे कान रस्त्याकडे लागले. वळणावर गाडीचा आवाज झाला की तिचा हात कामात थांबायचा. घर फिरलं की वासेही फिरतात, हे तिच्या आईचं बोलणं तिला सारखं आठवत राही. हिल्मी मात्र गाढ झोपायचा. उन्हाळा सरला, पालामुत माशाचे दिवस आले, आणि गावात कोणी फिरकत नाही अशा आठवड्यातल्या मधल्याच वारी एक गाडी सरळ त्यांच्या अंजिराखाली येऊन थांबली.

नादिदे अंगणात मासे साफ करत होती. गाडीतून एक तरुण जोडपं उतरलं. बाई कुंपणाशी उभी राहिली आणि घराकडे बघू लागली, कौलांपासून पायापर्यंत. बाजारात मासा घेताना बायका कल्ले उचलून बघतात तशी ती बघत होती. नादिदेने सुरी खाली ठेवली. पण ती उठेपर्यंत हिल्मी फाटकाशी पोचलाही होता.

"या, या. वारा बोचरा आहे, आत या."

"काका, आम्ही खरं म्हणजे..." पुरुषाने सुरुवात केली.

"खरं-खोटं मागाहून. आधी बूट काढा, पाय गरम होऊ देत."

त्यांची नावं तेवढी कळली. तो ओनुर, ती जान्सू. हिल्मीने रीतीप्रमाणे हात ताजे करायला दोघांच्या ओंजळीत लिंबाच्या वासाचं कोलोन ओतलं, चांगल्या खोलीत बसवलं, चहा मांडला. आता राजाच्या थाटात बसवलेल्या माणसाने बोलावं तरी कसं? ओनुरने पुन्हा घसा खाकरला. "काका, एक सांगायचं होतं."

"अख्खा दिवस पडलाय रे. भरल्या पोटाने सांगितलेलं गोड लागतं. नादिदे, ते पालामुत तळतेस ना?"

स्वयंपाकघरात नादिदेने नवऱ्याची बाही धरली. "तो पोरगा कधीचा बोलायला बघतोय. बोलू द्या त्याला."

"उपाशी माणसाला काम विचारू? बाप थडग्यात कुशीवर वळेल."

"वळू दे. जरा अंग मोकळं होईल त्यांचं. ती बाहेर भिंतीवर टकटक करून बघतेय, दिसत नाही तुम्हाला? समुद्राच्या तळातला मासा दिसायचा म्हणे."

"जुनं लाकूड आहे गं. शहरात कुठे बघायला मिळतं त्यांना?" आणि तो भाकरीची टोपली घेऊन निघूनही गेला.

नादिदेला स्वतःला विचारता आलं असतं. ती काही मुखदुर्बळ नव्हती. बंदरावरचे कोळी तिच्या जिभेला वचकून असत. पण खरं सांगायचं तर तिलाही भय वाटत होतं. विचारलेलं नव्हतं तोवर घर तिचं होतं. म्हणून तिने मासे तळले, कांदा चिरला, मक्याची भाकरी मांडली, आणि लेकीसाठी राखून ठेवलेली अंजिराच्या मुरांब्याची बरणीही फोडली.

आणि पोरं वाईट असती तर एक वेळ बरं. जान्सू बोटं चाटून जेवली. जेवता जेवता तिचे डोळे भरले. म्हणाली, "मावशी, माझी आई उन्हाळ्यात गेली. त्यानंतर घरचं असं आज जेवले." नादिदेने तिच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. ताटं उचलायला ती पोरगी स्वतः उठली, नको नको म्हणताना नळाखाली हात घालून उभी राहिली. नादिदेला वाटलं, कदाचित नुसतीच फिरायला आली असतील. मनाला काय, जे हवं ते वाटतं.

शेवटी कॉफी आली. "एका कप कॉफीची आठवण चाळीस वर्षं राहते," हिल्मी पाहुण्यांना कौतुकाने म्हणाला. ओनुरने कप रिकामा करून खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

"काका, आम्हाला ताइलान साहेबांनी पाठवलंय. घर बघायला. ते म्हणाले, काका-काकू आता मुलीकडेच राहायला जाणार आहेत, म्हणून विकायचंय." मग त्याने हिल्मीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घाईने विचारलं, "त्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच ना?"

मुलगी, गुल्तेन, बुर्साला दोन खोल्यांत राहत होती. तीन पोरं, नवरा आणि अंथरुणाला खिळलेली सासू. तिथे या दोघांनी पथारी पसरायची तर जिन्यातच.

नादिदेने नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी बोला, तिने मनात म्हटलं. एकदा म्हणा, नाही सांगितलं. म्हणा, हे घर आमचं आहे, आम्ही कुठे जाणार नाही. एवढीच दोन वाक्यं. बाकीचं मी बोलते.

हिल्मी कपातला गाळ बघत बसला होता. "नाही" म्हटलं की परक्यांसमोर पुतण्या खोटा ठरणार, आणि शब्द दिलेला मयत भाऊही. आणि आत्ताच आपलं मीठ खाल्लेली ही पोरं मान खाली घालून बाहेर पडणार. त्याने मान वर केली तेव्हा तो हसत होता.

"सांगितलं होतं तर. म्हातारपण बाबा. विसरूनच गेलो."

नादिदेला त्या क्षणी नवऱ्याचा इतका राग आला, इतका राग आला, की तिला रडूच फुटलं. ती कपांचं तबक उचलून आत गेली. मोरीपाशी उभं राहून तिने डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. मार खायचा आणि तोंडही दाबून धरायचं, असं झालं होतं. बाहेर पाहुणे बसले होते आणि या घरात पाहुण्यांसमोर कधी कोणी रडलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा हिल्मी त्यांना घर दाखवत होता. हो, स्वतः. जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून ओनुरने विचारलं, "काका, छप्पर गळतं का?"

"गळतं," नादिदे मागून म्हणाली. "धो धो गळतं. उंदीर आहेत. आणि वायव्येचा वारा सुटला की अंगावरची रजई उडते."

हिल्मी मोठ्याने हसला. "थट्टा करते ती. कौलं मी माझ्या हाताने बसवलीत. एक थेंब आला तर नाव बदलेन." त्याला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही, आत्ताच तर बोलला होता. पण आपल्या हाताच्या कामाबद्दल त्याला खोटं बोलवत नव्हतं. मग त्याने वाऱ्याच्या दिवसांत कोणती खिडकी आधी लावायची ते सांगितलं. चूल कोणत्या लाकडाने धुरकटते ते सांगितलं. वरच्या सज्ज्याच्या दाराला खालून लाथ घातल्याशिवाय ते उघडत नाही, हे प्रत्यक्ष करून दाखवलं. लग्न झाल्यापासून तो बायकोशी एकदम इतकं बोलला नव्हता.

दोघे पुरुष वर सज्ज्यात रमले तशी जान्सू जिना उतरून नादिदेपाशी आली. तिने नादिदेचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "मावशी, तुम्हाला खरंच जायचंय ना? मला काहीतरी वेगळं वाटतंय. तसं असेल तर आत्ता सांगा. आम्ही दुसरं बघू, शपथ."

बघा, दार उघडलं होतं. नुसतं "नाही जायचंय" म्हणायचं होतं. नादिदेने तोंड उघडलं. वरून हिल्मीचा आवाज येत होता, इथून जहाजं कशी दिसतात ते तो ओनुरला सांगत होता. आपण आत्ता बोललो की हा वर उभा असलेला माणूस खोटा पडेल, आयुष्यात एकदाच खोटं बोलला तेवढ्यात पकडला जाईल. ही पोरगी शब्दाची पक्की दिसते, निघून जाईल. मग ताइलान दुसऱ्यांना पाठवेल. ते बूट न काढता आत येतील, आणि तिसरे आले तर वकील घेऊन येतील. आणि या पोरीच्या डोळ्यांत तर अजून आईचं दुःख ताजं आहे.

"म्हाताऱ्या माणसांना मुलीकडे करमतं गं," नादिदे म्हणाली. "तू नको मनाला लावून घेऊस."

बोलून गेली आणि तिला स्वतःच्या जिभेची किळस आली. आयुष्यभर नवऱ्याला भिडस्त म्हणून टोचलं, आणि त्याची भीड आपल्यालाही कधी चिकटली ते तिला कळलंच नव्हतं. जान्सूचा चेहरा खुलला. तिने वडीलधाऱ्यांना मान देतात तसा नादिदेचा हात ओठांना, मग कपाळाला लावला, आणि पळतच जिना चढून वर गेली.

उन्हं उतरायला लागली तेव्हा पाहुणे घर पसंत करून निघाले. हिल्मीने मुरांब्याची उरलेली बरणी त्यांच्या गाडीत ठेवली. थंडी पडायच्या आत आलेलं बरं, असं तो ओनुरला सांगत होता, लाकडं मी फोडून ठेवतो. गाडी सुरू झाली.

या गावात निघालेल्या माणसाच्या मागे रस्त्यावर पाणी ओततात. पाण्यासारखं बिनअडथळा जावं आणि पाण्यासारखं वाहत लवकर परत यावं, म्हणून. हिल्मी तांब्या भरून घेऊन आला. पण निम्मं पाणी त्याच्याच पायांवर सांडलं. तेव्हा कुठे नादिदेने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचा चेहरा ओला होता, हनुवटीवरून थेंब गळत होते, आणि तरी तो गाडीला हात करत होता.

"द्या इकडे," ती म्हणाली. तिने तांब्या घेतला, रस्त्याच्या मधोमध जाऊन राहिलेलं सगळं पाणी गाडीमागे ओतलं. काचेतून जान्सूचा हात हलला. गाडी वळणाआड गेली.

"चांगली पोरं आहेत," हिल्मी म्हणाला.

"आहेत," नादिदे म्हणाली. "पुढच्या महिन्यात येतायत. सामान घेऊन."