डोंगराची लाइट कधी येणार?

लहान मुलांना डोंगरावर कसं न्यावं, यावर मासिकांत लेख येतात. ते वाचले की माझं डोकं फिरतं. मुलांना निसर्गाची शांतता अनुभवू द्या, म्हणे. कुणाच्या मुलांना? संध्याकाळी ज्यांच्या घरात सतारीची कॅसेट लागते, त्यांच्या? आमच्या भिवंडीत येऊन बघा. आमच्या खोलीची मागची भिंत आणि कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याची भिंत एकच होती. रात्रंदिवस खटखट. पोरं त्यातच जन्मली, त्यातच झोपली, आणि जेवताना 'मीठ दे' म्हणायचं तरी आम्ही सभेत बोलल्यासारखे ओरडायचो.

मी तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते आणि वस्तीतल्या मंडळाची पत्रकं लिहायचे. पाण्याचं पत्रक, गटाराचं पत्रक, रेशनच्या रॉकेलचं पत्रक. दिवाळीच्या सुटीत पोरं बोळात एकमेकांच्या झिंज्या उपटायला लागली, तेव्हा मी सहलीचं पत्रक काढलं. मथळा असा: 'डोंगर कुणाच्या बापाचा नाही!' मजकूर असा, की बूट आणि दुर्बीण असलेल्यांनीच डोंगर चढावा हा कुठला न्याय; आपणही सगळ्यांनी पोराबाळांसकट एसटीनं अंबाडीला जायचं आणि तिथून टेकडी चढायची. खाली नियम होते. त्यातला 'शांतता पाळावी' हा नियम दादाचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लूमवर मेकॅनिक. आठवड्यात एकच सुटी, आणि ती तो अंथरुणात काढायचा. बरीच विनवणी केल्यावर म्हणाला, "येतो. पण हे बघ बाई, मला एक दिवस ती खटखट नको. झाडाखाली आडवं पडायचं, कानाला नुसता वारा, बस. चांगली झोप मिळाली तर दर सुटीला येईन. नाही मिळाली, तर यापुढं सुटीच्या दिवशी मला कुणी हात लावायचा नाही."

"म्हणजे आमचंही फिरणं बंद," वहिनी परातीत भाकरी थापत म्हणाली.

तिचं खरं होतं. दादा नाही तर बाकीचे बाप्ये नाहीत, आणि बाप्ये नाहीत तर बायापोरं नाहीत, अशी वस्तीची पद्धत. या पद्धतीचा निषेध मी वेगळ्या पत्रकात केलेला आहे. पण त्या दिवसापुरती सगळ्यांची पुढची सुटी दादाच्या झोपेवर टांगलेली होती.

अंबाडी नाक्याला उतरलो. पोरांच्या पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट, बायांच्या पायात स्लिपर, पिशव्यांत भाकऱ्या, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी आणि दिवाळीचे लाडू. कापलेल्या भाताच्या खाचरांतून चालत टेकडीपाशी आलो. झाडी लागली. रस्त्यावरचे ट्रक ऐकू येईनासे झाले. आणि माझी पाच वर्षांची पुतणी जागच्या जागी थांबली.

"आत्या, लाइट गेली."

"अगं, इथं लाइट नसतेच."

"मग आवाज का न्हाय?"

आमच्याकडे आवाज थांबला म्हणजे लाइट गेली. आणि लाइट गेली की असाल तिथं बसायचं, धडपडायचं नाही, हे प्रत्येक आईनं पोरांच्या डोक्यात पक्कं ठोकलेलं. पुतणी मुकाट्यानं खाली बसली. तिचं बघून सगळी पोरं बसली. भर उन्हात, वाटेच्या मधोमध.

"डोंगराची लाइट कधी येणार?" एकानं विचारलं.

"फ्यूज उडाला असंल," दुसरा म्हणाला.

त्यातल्या सगळ्यात लहानग्यानं भोकाड पसरलं आणि मग ते रांगेनं पुढं गेलं. मी एका दगडावर उभी राहिले आणि निसर्गाबद्दल बोलले. वारा म्हणजे काय, पाखरांचे आवाज कसे ऐकावेत. मुद्दे चांगले होते. रडणं वाढलं.

"ताई, ते भाषण आवरा आधी," वहिनी म्हणाली. तिनं डब्याचं झाकण काढलं आणि दगडावर हाणलं. खटाक्! खटाक्! खटाक्!

"आली!" सगळी पोरं एकदम ओरडली आणि उठून उभी राहिली.

पुढचं सगळं पोरांनीच ठरवलं, मासिकवाल्यांनी टिपून घ्यावं. वाटेच्या दोन बाजूंना दोन रांगा झाल्या, तो लूम. पुतणी मधून इकडून तिकडं पळायची, ती आडवा धागा नेणारा धोटा. धोटा गेला की दोन्ही रांगांनी एकेक पाऊल वर टाकायचं आणि तोंडानं खटाक् म्हणायचं. कुणी पडलं की 'धागा तुटला!' अशी आरोळी, मग सगळा लूम बंद, पाणी प्यायचं, गुडघा फुंकायचा, पुन्हा चालू. पाय दुखतात असं एकही पोर म्हणालं नाही. लूमचे पाय कसे दुखतील?

दादा कानांत बोटं घालून मागून येत होता. "अरे बंद करा! मी कशाला आलोय इथं?"

"पप्पा, शिफ्ट चालू हाय," धोटा पळता पळता म्हणाला.

थोड्या वेळानं दादानं एक बोट काढलं. मग दुसरं. मग तणतणत पुढं आला. "ही डावी रांग मागं पडते. असा तर धोटा अडकून बसेल!" खाली बसून तो एकेका पोराचं पाऊल नीट लावायला लागला.

"सुटी ना तुमची?" वहिनीनं विचारलं.

"सुटीच आहे. पण बिघडलेलं बघवत नाही मला."

माथा गाठायचा आमचा विचार नव्हताच. अर्ध्यावर एक मोठं आंब्याचं झाड होतं, तिथं पंगत मांडली. जेवण झाल्यावर दादा सावलीत आडवा झाला, तोंडावर रुमाल घेतला. "आता एक शब्द नको."

आम्ही गप्प. बायांनी पोरांच्या तोंडात लाडू भरले, म्हणजे आवाजाचं भोकच बंद. दादा या कुशीवर वळला, त्या कुशीवर वळला, पालथा झाला. शेवटी उठून बसला.

"कसली जागा आहे ही! कानात नुसतं सूं वाजतंय."

"रात्री लाइट गेली की घरात पहिलं कोण उठतं?" वहिनी म्हणाली. "तुम्हीच."

"मी डासांनी उठतो."

"बरं. पडा." तिनं झाकण घेतलं. खटाक्, खटाक्, खटाक्.

"अगं ए, तुला सांगितलं ना मी..." दादाचं वाक्य पुरं झालं नाही. घोरायला लागला.

तिनं जरा हात थांबवून बघितलं, तर घोरणं थांबलं आणि रुमालाखाली मान हलली. वहिनीनं घाईघाईनं पुन्हा चालू केलं. आता थांबणार कोण? पोरं नाकतोडे पकडायला पांगली होती. मग आम्ही मोठ्या माणसांनीच पाळ्या लावल्या. आधी बाया, मग बाप्ये. माझ्या पाळीला मी उरलेल्या पत्रकांची सुरळी करून पाण्याच्या कॅनवर वाजवली.

तेवढ्यात वरच्या पाड्यावरची एक आजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतरत आली. आडवा पडलेला माणूस, भोवती वाजवत बसलेली माणसं. ती थबकली.

"कोन मेला काय गो?"

"नाही आजी, झोपलेत," वहिनी म्हणाली.

"मंग उठवता कशाला?"

"उठवत नाही. झोपवतोय."

आजीनं भारा खाली ठेवला. दादाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, पुन्हा दादाकडे. मग पदरात तोंड घालून इतकी हसली, की तिच्या हसण्यानं दादाची मान पुन्हा हलली. "ये बाय, दे हिकडं," म्हणत ती बसली आणि झाकण वाजवायला लागली. आमच्यापेक्षा सावकाश, पण एकसारखं. बदल्यात तिला दोन लाडू आणि एक उकडलेलं अंडं मिळालं, तेही आग्रह केल्यावर.

ऊन उतरल्यावर दादा जागा झाला. ताजातवाना. आळस देत त्यानं आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे हात चोळत बसलो होतो.

"बघितलंत?" तो म्हणाला. "याला म्हणतात झोप. शांत जागा पाहिजे माणसाला. पुढच्या सुटीला कुठं जायचं?"

मी तोंड उघडलं. वहिनीनं त्यात लाडू कोंबला.